मानेतलं बोट

माझ्या मानेत माझ्या भावाचं बोट होतं आणि आमचं दोघांचं बोलणं बंद होतं.

गावातल्या बस्त्यावची जीप सरकारी दवाखान्यासमोर उभी होती. मागच्या बाकड्यांच्या मधे, गोणपाटावर मी आडवा. जनादादा माझ्या डोक्याशी गुडघे टेकून बसलेला, उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्या मानेच्या डाव्या अंगाला पेराएवढं आत घातलेलं. डॉक्टरीणबाई पदर खोचून जीपमध्ये चढल्या. वयाने लहानच होत्या, लातूरकडच्या, आमच्याकडे येऊन दोनेक महिने झाले असतील.

"काढा ते बोट. बघू दे मला."

दादाने बोट काढलं. छातीवर कोणीतरी गरम पाण्याचा तांब्या उपडा केल्यासारखं मला वाटलं, आणि बाईंच्या चष्म्याच्या दोन्ही काचा लाल झाल्या.

"घाला! घाला परत! होतं तिथेच!"

दादाने घातलं. रक्त थांबलं. बाईंनी चष्मा पदराला पुसला. बोलणं स्पष्ट होतं. "मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटली आहे. मेंदूला जाणारी. इथे माझ्याकडे काही नाही. गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं, मी बरोबर येते. वाटेत हे बोट निघालं की तुमचा माणूस गेला, समजलं?"

"निघाचा नाय," दादा म्हणाला.

"आणि तुम्ही," बाई माझ्यावर वाकल्या, "अजिबात बोलायचं नाही. मानही हलवायची नाही. होय म्हणायला नाही, नाही म्हणायला नाही. थोडं जरी हललात तर बोट सरकेल."

माझा उजवा हात तोवर जड होऊन मेल्यासारखा पडला होता. डाव्या हातात त्यांनी सलाईनची सुई घातली आणि हात हलू नये म्हणून एका फळीला घट्ट बांधून टाकला. म्हणजे आता माझ्यापाशी डोळे तेवढे राहिले. बस्त्यावने जीप चालू केली.

हे सगळं कसं झालं ते सांगतो. त्यासाठी आधी एका फणसाचं सांगावं लागेल.

आमच्या दोघांच्या काजूच्या बागा शेजारीशेजारी. वडिलांच्या मागे वाटण्या झाल्या तेव्हा बरोबर बांधावर एक जुना काप्या फणस उभा होता. तो कोणाचा हे कोणी ठरवलं नाही, कारण तेव्हा ठरवायची गरज नव्हती. फळं पिकली की ज्याला पाहिजे तो काढायचा. मग माझी बायको वारली. मूलबाळ नव्हतं. तिला जाऊन वर्ष व्हायच्या आत दादाने नव्या घराच्या दारांसाठी तो फणस तोडला. मी एसटी स्टँडवरची ड्युटी संपवून आलो तर झाड आडवं. मी बोललो, तो बोलला, शेजारपाजारचे जमले. शेवटी तो सगळ्यांदेखत म्हणाला, "तुका फणस कित्याक व्हयो? तुझ्या घरात खातला कोण?"

रागात माणूस काहीही बोलतो हे मला कळतं. पण हे वाक्य मी घरी घेऊन आलो, आणि घरात खरंच कोणी नव्हतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. आठ-नऊ वर्षं झाली असतील. आमच्या राऊळांच्या घराण्यात सुंभ जळतो पण पीळ जात नाही. एकाच विहिरीवर जायचो, एकाच देवळात बसायचो, आणि एकमेकांना ओलांडून पलीकडच्या माणसाशी बोलायचो. वहिनी मात्र कधीमधी परसातून वाटी ठेवून जायच्या, काही न बोलता.

आता माझ्या आवाजाचं. तेव्हा माझा आवाज पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. स्टँडवर मी कंट्रोलर होतो. माइक बिघडला तरी साहेब दुरुस्त करायची घाई करत नसत, "राऊळ आहे ना" म्हणत. मी "वेंगुर्ला, वेंगुर्ला" ओरडलो की बाजारातली माणसं पिशव्या सावरत धावायला लागायची. गावात गाऱ्हाणं घातलं की "व्हय महाराजा" चा माझा आवाज सगळ्यांच्या वर. एकच खोट होती त्या आवाजात. त्याला खोटं बोलता यायचं नाही. लहानपणी आंबे चोरून आलो की दादा विचारायचा. मी "नाय" म्हणायचो. तो शांतपणे म्हणायचा, "परत सांग." दुसऱ्या वेळेला माझा आवाज बारीक व्हायचा आणि कानफटात बसायची. आमच्या आईलाही जे कधी ओळखता आलं नाही, ते त्याला यायचं.

शिमगा झाला की आमच्याकडे गावपारध असायची. घरटी एक माणूस द्यायचा. सरकारचे कायदे तेव्हाही होते, पण डुकरं शेतं उकरून टाकत आणि रीत कायद्याहून जुनी होती. ज्यांच्याकडे ठासणीच्या बंदुका, ते रानाच्या खालच्या अंगाला वाटा धरून बसत. बाकीचे आम्ही हाकारे, वरून ओरडत, डबे वाजवत रान उठवत खाली यायचो. या कामातला पक्का नियम एकच. हाकाऱ्याने झाडीतून बाहेर पडण्याआधी समोर बसलेल्या बंदूकवाल्याचं नाव घेऊन हाक द्यायची. "तात्या, मी वासू!" मग समोरून "ये!" ऐकू आलं की बाहेर पडायचं. नुसतं "ओ" चालत नाही, कारण ओ कोणालाही म्हणता येतं. नाव घेतलं म्हणजे तू त्याला बघितलंस आणि त्याने तुला ओळखलं.

दुसरी रीतही सांगतो, कारण ती पुढे येणार आहे. जनावर पडलं तर बार कोणाचा ते गाव सांगतं, त्याला मान मिळतो. बार चुकला तर तो कोणाचा नसतो. तो गावाचा.

आमचं भांडण सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे पारधीच्या जागा वाटणारा तातू गावकर आम्हाला नेहमी दोन टोकांना ठेवायचा. त्या दिवशीही देवळासमोर गाऱ्हाणं झाल्यावर त्याने वाटून दिलं.

"जना खाली व्हाळाकडे बसात. वासू, तू पार वरच्या कोपऱ्यात."

मी वरच्या कोपऱ्यातच होतो. पण अर्ध्या रानात आमचा एक कुत्रा काटेरी जाळीत अडकून केकाटायला लागला. मी त्याला सोडवायला खाली उतरलो, तो सुटला, आणि मी ज्या वाटेने पुढे आलो ती नेमकी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वाटेला लागली. करवंदीच्या जाळीतून डोकं बाहेर काढलं. समोर जांभ्या दगडाच्या आडोशाला जनादादा, वडिलांची बंदूक खांद्याला लावून.

हाक द्यायची होती. नाव घ्यायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ते नाव आठ-नऊ वर्षांत माझ्या तोंडात आलं नव्हतं, आणि ऐन वेळेला आलं नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून डुक्कर सुटला आणि बार झाला.

दुखलं नाही. मानेला गांधीलमाशी चावल्यासारखं झालं. खाली बसलो. अंगरखा ओला झाला. मग दादाचं तोंड माझ्या तोंडावर आलं आणि त्याने काही विचार न करता बोट भोकात घातलं, गळक्या हंड्याला घालावं तसं. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. रान संपेपर्यंत चौघांनी मला झोळीतून आणलं तेव्हा तो बाजूने वाकून, आडवा चालत होता.

जीप लाल रस्त्यावरून धावत होती. पुढे बस्त्याव आणि तातू. मागे आम्ही तिघं. बाई एका हाताने सलाईनची बाटली धरून होत्या, दुसऱ्या हाताने माझी नाडी. त्यांना आमची मालवणी फारशी कळत नसे. इंजिनाच्या आवाजात पुढच्यांना मागचं ऐकू येत नव्हतं. दादा माझ्यावर वाकला.

"वासू."

किती वर्षांनी त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं. मला मरायची भीती वाटत होती, खूप वाटत होती, तरी त्या क्षणी बरं वाटलं. आणखी एक गोष्ट सांगतो, हसू नका. बायको गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. स्टँडवर सुटे पैसे देताना बोटं लागतात तेवढंच. आणि आता एका माणसाची बोटं माझ्या नाडीवर होती, दुसऱ्याचं बोट माझ्या आत होतं.

"वासू, आयकतंस मां? माका एक सांग."

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मी तुका बघलंय काय रे?"

त्याच्या नाकावरून घाम माझ्या कपाळावर पडत होता.

"डुकर आठावता. बार काढलंय ता आठावता. पण त्येच्या आधी तू उभो होतंस, ता माका दिसला काय नाय, ताच आठवना नाय. आईची शपथ, आठवना नाय. तू माझ्याकडे बघत होतंस. तुका ठावक आसतला."

"काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारलं. "बोलायला लावू नका त्यांना!"

"बोलना नाय तो," दादा म्हणाला, आणि आणखी खाली वाकला. "मान हलवू नको. मी तुका बघून बार काढलंय आसात, तर डोळे मीट. नाय तर उघडे ठेव. काय ता खरा सांग. मी बोट काढूचंय नाय. तू काय पण सांग, मी बोट काढूचंय नाय."

माझ्या जिवाची दोरी त्याच्या हातात, आणि तो माझ्याकडे मागत होता. मी डोळे उघडे ठेवले. जीपच्या ताडपत्रीला वर एक भोक होतं, त्यातून ऊन आत येऊन डोळ्यांवर पडत होतं. धूळ होती. पाणी यायला लागलं. पापणी लवली तर काय समजेल म्हणून मी ती लवू दिली नाही, जळजळ होऊन डोळे फुटतील असं वाटलं तरी. तो बघत होता. मग त्याचं तोंड कडेने काळं होत गेलं, ताडपत्रीतलं ऊन विझलं, आणि मला घेरी आली.

पुढचं बाईंनी नंतर सांगितलेलं. त्या म्हणाल्या, तुमची शुद्ध गेली तेव्हा भाऊ रडायला लागले. मला वाटलं, गेलात असं समजून रडतायत. मी ओरडले, नाडी आहे, दाबून धरा. तर म्हणाले, धरलंय. इतकं रडत होते, पण बोट तसूभर हललं नाही. नाक्यावर पोलिसाने जीप अडवली, आत डोकं घालून बघितलं आणि तसाच मागे झाला. ऑपरेशनच्या खोलीत भाऊ तसेच आत गेले. तुमच्या मानेला आयोडीन लावलं तेव्हा त्यांच्या हाताला कोपरापर्यंत लावलं, वरून हिरवं कापड घातलं. मोठ्या डॉक्टरांनी वरून खालून वाहिनी चिमट्यांनी धरली आणि म्हणाले, आता काढा. तर बोट निघेना. आखडलं होतं. दोन माणसांनी हळूहळू सोडवलं.

मांडीतली शीर काढून माझ्या मानेत जोडली. छर्रा काढला. देव तारी त्याला कोण मारी, असं येणारा-जाणारा म्हणायचा. तारणारा आणि मारणारा एकाच आईच्या पोटचे असले तर काय म्हणायचं ते मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. आवाजाची नस छर्‍याने तुटली होती, ती जोडता आली नाही. मी तोंड उघडलं की नुसता वारा यायचा.

"तुमचा भाऊ बाहेर पॅसेजमध्ये बसला होता," सिस्टर म्हणाली. "धोका टळला म्हटल्यावर उठून गेला. आत या म्हटलं, तर आला नाही."

चार-पाच दिवसांनी हवालदार आले. आमच्याकडचेच होते, सावंत. खुर्ची ओढून बसले.

"राऊळ, पंचाईत झाली आहे. गाव म्हणतो, बार गावाचा, कोणाचा ते माहीत नाही. आणि तुमचा भाऊ आपणहून चौकीवर येऊन सांगतो, मी बघून मारलंय. बघून म्हणजे काय, विचारलं तर म्हणतो, तेका इचारा. आता मी तुम्हाला विचारतो. डाव्या हाताने सांगा. मुद्दाम मारलं?"

मी तळवा हलवला.

"डुकरावर मारलं आणि तुम्हाला लागलं?"

मी अंगठा वर केला.

"नक्की?"

अंगठा तसाच ठेवला. हवालदारांना बरं वाटलेलं स्पष्ट दिसलं. सुंठीवाचून खोकला गेला. बंदूक जमा झाली आणि प्रकरण अपघाताचं म्हणून मिटलं. मलाही वाटलं, मिटलं.

घरी आलो. एसटीने मला स्टँडवरून उचलून टायरच्या गोदामात टाकलं. मुका कंट्रोलर कोणाला हवा? उजव्या हातात हळूहळू जोर आला. आवाजाच्या जागी एक कुजबूज आली, पण ती समोरच्याच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय ऐकू जायची नाही. लोकांच्या कानाशी किती वेळा जाणार? मी बोलणं सोडून दिलं. टायरशी बोलायची गरज नसते. संध्याकाळी घरी यायचं, पेज करायची, खायची, भांडं विसळायचं. पूर्वी निदान भिंतींना ऐकू जाईल असा खाकरायचो. आता तेही नाही. फार एकटं वाटायचं, उगाच कशाला लपवू.

दादा माझ्याकडे फिरकला नाही. मीही गेलो नाही. मला वाटलं, पीळ आहे.

भात पिवळं पडायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार. वहिनी आल्या, आणि परसातून नाही, पुढच्या दाराने आल्या. ओटीवर उभ्या राहिल्या.

"भावोजी, तुमी येवा. तेंका बघा."

मी हाताने विचारलं, काय झालं?

"जेवनत नाय. कोणाशी बोलनत नाय. दीसभर मांगरात जावन बसतत." मांगर म्हणजे बागेतली झोपडी, काजू ठेवायची. "आज दोरी घेवन गेले. मी इचारलंय, दोरी कित्याक? तर म्हणतत, बैलाक. भावोजी, आमच्या गोठ्यात बैल खय आसा? दोन वर्सां झाली इकून."

मी पायात वहाणा घालायला लागलो. त्या रडत होत्या.

"मी म्हटलंय, पोलिसांनी सोडल्यानी, भावोजींनी सोडल्यानी, तुमी कित्याक जळतास? तर म्हणतत, पोलिसांका तेणा गावची रीत सांगल्यान. माका खरा सांगल्यान. मी म्हटलंय, कधी? तर म्हणतत, जीपीत. डोळे मिटून सांगल्यान."

वहिनींना त्याचा अर्थ कळला नव्हता. मला कळला. मी उघडे ठेवायला जीव टाकला होता आणि घेरीने ते मिटले. आणि त्याने ते उत्तर धरलं. ते उत्तर मनात घेऊन तो पुढचा सगळा रस्ता माझ्या मानेत बोट घालून बसला, आणि तेव्हापासून इतके महिने ते एकटा घेऊन फिरत होता.

मी धावत निघालो. धावताना हाक मारावीशी वाटत होती, आख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जाईल अशी. तोंडातून वारा येत होता.

बागेत शिरलो. बांधावर फणसाचं खोड होतं, आता त्यावर शेवाळ चढलेलं. मांगराच्या पायरीवर दादा माझ्याकडे पाठ करून बसला होता. शेजारी दोरीचं वेटोळं. माझ्या पायाखाली काजूचा पाचोळा वाजला.

"कोण?" तो न वळता म्हणाला.

मी पुढे गेलो. पाचोळा पुन्हा वाजला.

"कोण ता?"

उत्तर देता येईना. मग तोच म्हणाला, "वासू?" उत्तर न देणारा गावात मी एकटाच होतो.

त्याच्याजवळ जाऊन बसलो. वाळला होता. दाढी वाढलेली. उजव्या हाताचं ते बोट त्याने डाव्या मुठीत धरून ठेवलं होतं. मी दोरी उचलून माझ्या मांडीखाली घेतली. त्याने बघितलं. मी त्याच्या कानाशी तोंड नेलं. लहानपणी गुपित सांगताना जायचो तसा.

"जीपीत माका घेरी इली," मी म्हटलं. "मी डोळे मिटूक नाय. ते मिटले."

त्याने मुठीतलं बोट सोडलं. मग म्हणाला, "म्हंजे तू काय सांगूकच नाय?"

"नाय."

"मगे आता सांग. मी तुका बघलंय काय?"

इथे मला पुरावा, पोलीस, गाव काही नव्हतं. एक तो आणि एक मी. दोरी माझ्या मांडीखाली टोचत होती.

"तुझी नजर डुकरावर होती," मी त्याच्या कानात म्हटलं. "तुका मी दिसाकच नाय, दादा."

त्याने मान वळवून माझ्या डोळ्यांत बघितलं. लहानपणी आंब्याच्या वेळी बघायचा तसं. आणि म्हणाला, "परत सांग."

त्याच्या कानाशी गेलो आणि परत सांगितलं. तीच कुजबूज, तोच वारा. त्यात बारीक व्हायला काही उरलंच नव्हतं. तो कान देऊन ऐकत होता, बराच वेळ, माझं सांगून झाल्यावरही. मग त्याचे खांदे पडले आणि तो हुंदके देऊन रडला. पाठीवर हात ठेवावा की नाही मला कळेना. शेवटी ठेवला.

रडून झाल्यावर त्याने लुंगीने तोंड पुसलं. "भूक लागली," म्हणाला. "चल. तिणा डांगराची भाजी केल्यान आसतली."

त्याच्या घरी जेवलो. घास गिळताना मला वेळ लागायचा, तो थांबून राहिला. त्यानंतर वीस-बावीस वर्षं तो रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर येऊन बसायचा. मला बोलता येत नव्हतं आणि त्याची सवय गेली होती, त्यामुळे बहुतेक दिवशी आम्ही नुसते बसायचो. फणसाच्या दिवसात कुठून तरी एक काप्या घेऊन यायचा, स्वतः गरे काढायचा आणि माझ्यासमोर ठेवायचा. खाल्ल्याशिवाय उठायचा नाही. गेल्या पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेला. शांत गेला. शेवटपर्यंत त्याने ती गोष्ट पुन्हा विचारली नाही. विश्वास बसला होता त्याचा.

आता तो नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही.

त्या दिवशी करवंदीच्या जाळीतून मी डोकं बाहेर काढलं तेव्हा डुक्कर अजून सुटला नव्हता. आमची नजरानजर झाली. त्याने मला बघितलं आणि ओळखलं. फणसाच्या दिवशी होता तसा त्याचा चेहरा झाला, आणि बंदुकीचं तोंड माझ्यावरून हललं नाही. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. मग डुक्कर सुटला आणि बार झाला. त्याने कोणावर मारलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं, मग मला कसं ठाऊक असणार? पण मी त्याला दिसलो होतो. त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर तेच होतं.

ज्या बोटाने चाप ओढला, तेच बोट त्याने गोव्यापर्यंत काढलं नाही. ओढायला निमिष लागलं असेल. न काढायला आख्खा रस्ता लागला, तोही मी डोळे मिटल्यानंतर. मी त्यातलं एक धरलं, दुसरं सोडून दिलं. आवाज शाबूत असता तर मला ते जमलं नसतं. दुसऱ्याच वेळेला त्याने पकडलं असतं.

मानेवर डाव्या बाजूला अजून खळगा आहे, बोटाच्या पेराएवढा. संध्याकाळी ओटीवर एकटा बसलो की कधीकधी मी तिथे माझं बोट ठेवून बघतो. आतली नाडी लागते. पण स्वतःचं बोट ते स्वतःचंच. दुसऱ्याचं असल्यासारखं वाटत नाही.